पंधरा मिनिटांचा डाव

पत्ते माझे नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, कारण मास्तराच्या पिशवीत पत्ते निघाले की गाव काय म्हणतं ते मला पक्कं माहीत आहे. मी आरमोरी तालुक्यात प्राथमिक शिक्षक. वर्गात पोरांनी पत्ते आणले तर कान धरणारा. ते पत्ते आमच्या मतदान पथकातल्या कृषी सहायकाचे होते, म्हणजे खरं तर त्याच्या मुलीचे. बापाला चार-पाच दिवस जंगलात काढायचे आहेत, तर करेल काय, म्हणून पोरीनं ते त्याच्या बॅगेत टॉवेलखाली सरकवून दिले होते.

आमच्या जिल्ह्यात दक्षिणेकडच्या केंद्रांवर निवडणुकीची पथकं हेलिकॉप्टरनं जातात. ऐकणाऱ्याला मोठी मौज वाटते. माझ्या साडूनं तर विचारलं होतं, खिडकीची जागा मिळते का म्हणून. मौज म्हणजे अशी, की मतदानाच्या तीन दिवस आधी तुम्हाला एका पोलीस मदत केंद्राच्या आवारात नेऊन उतरवतात, आणि तिथून पुढं केंद्रावर पायी जायचं ते मतदानाच्या आदल्या दिवशी. मधले दोन दिवस टिनाच्या शेडमध्ये सतरंजीवर बसून राहायचं. बाहेर काटेरी तार, तारेपलीकडे जंगल. फोनला रेंज नाही. वरण-भात वेळेवर मिळतो. मतदान यंत्राच्या पेट्या समोर आणि आपण त्यांच्याकडे बघत.

पथकात आम्ही चौघं. मी केंद्राध्यक्ष, म्हणजे काही बिघडलं तर ज्याची नोकरी जाईल तो. मग तो कृषी सहायक, चाळिशीचा, दाढीवाला, सतत हसणारा. पंचायत समितीतला एक लिपिक, जो प्रत्येक गोष्टीला नियम विचारायचा. आणि एक ग्रामसेवक, जो जागा मिळेल तिथं झोपायचा. पहिल्या दिवशी गप्पा संपल्या. पगारवाढ झाली, बदल्या झाल्या, कोणाच्या पोरीचं कुठं जमलं तेही झालं. संध्याकाळी कृषी सहायकानं डबी काढली आणि म्हणाला, "हे पत्ते जुगाराचे नाई बरं का गुर्जी. आपला व्यापार असते ना, तोच हाये."

व्यापार मला ठाऊक होता. कोणाला नसतो? मोठा पट, फासे, कागदी नोटा, दिल्ली-मुंबई विकत घ्यायची आणि जो येईल त्याच्याकडून भाडं घ्यायचं. लहानपणी मूल गावात आमच्या घरी असा एक पट होता. बाबा राइस मिलमध्ये कामाला होते. मिल बंद असली की ते छपरीत पोतं अंथरून आम्हा बहीण-भावाला घेऊन बसायचे. बाबांची खेळायची पद्धत अशी, की पहिल्या फेरीत मिळतील ती शहरं घ्यायची आणि मग काही झालं तरी विकायची नाहीत. हटकून हरायचे. हरले की मोठ्यानं हसायचे आणि आईला म्हणायचे, चहा टाक वो, दिवाळं निघालं. तो पट पुढं उधईनं खाल्ला. पण तो डाव दुपारभर चालायचा, हे मला नीट आठवतं. भूक लागायची, भांडणं व्हायची, तरी संपायचा नाही.

हा पत्त्यांचा खेळ त्याच व्यापाराचा, पण आटवलेला. पट नाही, फासे नाहीत. शहरांचे रंगीत पत्ते. एका रंगाची सगळी शहरं जमली की एक संच. ज्याचे तीन संच आधी होतील तो जिंकला. आपल्या पाळीला दोन पत्ते उचलायचे आणि जास्तीत जास्त तीन खेळायचे. मध्ये खोडीचे पत्ते असतात. एका पत्त्यानं दुसऱ्याचं शहर अदलाबदल करून घेता येतं, एकानं पुरा संच उचलून नेता येतो. आणि एक पत्ता नकाराचा. कोणी तुमच्यावर चाल केली की तो टाकायचा, चाल रद्द. साधा खेळ वाटतो, पण त्यात डोकं लागतं. सगळं मांडून बसलात तर लोक लुटतात, हातात दडवून बसलात तर संच होत नाही. आणि मुख्य म्हणजे डाव पंधरा मिनिटांत संपतो. संपला की लगेच वाटतं, आणखी एक.

नियमाचा कागद हरवलेला होता. लिपिकाचा जीव तिथंच अर्धा झाला. मग कृषी सहायकानं पोरीकडून ऐकलेले नियम सांगितले आणि अडलं तिथं आम्ही बहुमतानं ठरवलं. मतदान पथकच होतं शेवटी. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्याबरोबर बसलो. ग्रामसेवकसुद्धा जागा राहिला. मी दोन डाव ओळीनं हरलो होतो आणि मला राग आला होता. मला हरायला आवडत नाही. बाबांचा तो गुण माझ्यात उतरला नाही.

तिसरा डाव सुरू असताना हेलिकॉप्टर आलं. कुठल्या तरी दुसऱ्या पथकाचं सामान घेऊन आलं होतं. उतरलं, पाती थांबली, जवान पेट्या उतरवायला धावले. आम्ही पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. दोन दिवसांत हेलिकॉप्टरचंही काही वाटेनासं होतं.

मग बिनतारी संदेशाच्या खोलीतला पोलीस शेडच्या दाराशी आला. "सर, एक मिनिट बाहेर या."

मी पत्ते पालथे ठेवून बाहेर गेलो. त्यानं टोपी काढून हातात धरली होती, त्यावरून मला कळायला हवं होतं.

"मूलवरून निरोप आला सर. तुमचे वडील आज सकाळी वारले." त्यानं हेलिकॉप्टरकडे हात केला. "साहेब म्हणून राह्यले, हेलिकॉप्टर रिकामं परत गडचिरोलीला चाललं, एक जागा हाये. तुमच्या जागी राखीवमधला माणूस देतो म्हणाले. पंधरा-वीस मिनिटं हायेत तुमच्यापाशी. बॅग घेऊन या."

"हो," मी म्हणालो. "आलोच."

मी बॅग घ्यायलाच आत गेलो होतो. हे मी स्वतःला हजारदा सांगितलं आहे आणि ते खरं आहे. बॅग भिंतीला टेकून ठेवलेली होती, माझ्या जागेच्या अगदी मागं. तिच्यापर्यंत जायचं तर सतरंजीवरून जावं लागायचं. मी चप्पल काढली. कृषी सहायक म्हणाला, "गुर्जी, चाल तुमची."

मी खाली बसलो आणि पत्ते उचलले.

"काय झालं?" लिपिकानं विचारलं.

"काही नाही. पेट्यांचं होतं काहीतरी."

मला कोणी विचारलं की त्या वेळी तुला काय वाटलं, तर खरं उत्तर आहे की काही वाटलं नाही. छातीत काही झालं नाही, डोळ्यांत काही नाही. बाबा वारले, हे वाक्य मला पूर्ण कळलं होतं. मी ते फळ्यावर लिहून दाखवलं असतं. पण ते कुठं जाऊन लागलं नाही. त्याउलट हातातले पत्ते मला आजही एकेक सांगता येतात. माझे दोन संच पुरे होते. तिसऱ्यात हिरव्या रंगाची दोन शहरं मांडलेली आणि एकच कमी. ते एक लिपिकासमोर उघडं पडलेलं. हातात एक नकाराचा, एक भाड्याचा आणि दोन फुटकळ. त्या पोलिसाचा चेहरा विचाराल तर सांगता येणार नाही.

मी दोन पत्ते उचलले. कामाचं काही आलं नाही. भाड्याचा पत्ता टाकला आणि ग्रामसेवकाला नागवलं. पाळी पुढं गेली. लिपिकानं विचार करायला खूप वेळ घेतला, तो नेहमीच घ्यायचा. मी त्याच्यावर खेकसलो, "अरे खेळ ना, काय परीक्षेला बसलास काय?" म्हणजे मला घाई होती. वेळ थोडा आहे हे मला ठाऊक होतं. फक्त ती घाई दाराकडे न जाता डावाकडे जात होती. हा डाव झाला की उठू, असं मी ठरवलं असावं. ठरवलं असंही म्हणता येत नाही.

कृषी सहायकानं माझा एक पुरा संच उचलून नेण्याचा पत्ता टाकला. मी नकाराचा टाकून तो वाचवला. सगळे हसले. मीही हसलो. पुढच्या पाळीला मी दोन पत्ते उचलले आणि त्यांत अदलाबदलीचा पत्ता आला.

तेवढ्यात बाहेर पाती फिरायला लागली.

तो आवाज आधी हळू असतो. मग वाढतो, मग शेडचे टिन थरथरतात. या सगळ्याला वेळ लागतो. त्या वेळात चाळीसेक पावलं धावत जाता आलं असतं, हात केला असता तर थांबवलं असतं. ती माणसं चांगली होती. धुळीचा लोट दारातून आत आला. पत्ते उडायला लागले. आम्ही चौघांनी पटकन आपापल्या पत्त्यांवर हात ठेवले. मीही ठेवला. दोन्ही ठेवले. डोळे मिटून, मान खाली घालून, हिरवे दोन पत्ते तळहाताखाली घट्ट दाबून मी बसून राहिलो, आणि हेलिकॉप्टर वर उचललं गेलं, आणि गेलं.

धूळ बसल्यावर मी अदलाबदलीचा पत्ता टाकला, लिपिकाचं हिरवं शहर घेतलं आणि जिंकलो.

मग तो पोलीस पुन्हा आला. या वेळी आत आला. "सर, तुम्ही गेले नाई? पायलटनं वाट पाह्यली ना तुमची." मग सगळ्यांसमोर त्यानं निरोप पुन्हा सांगितला. ग्रामसेवकाच्या हातात पिसायला घेतलेले पत्ते होते, ते त्यानं हळूच मांडीखाली घातले.

मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी पेट्यांकडे पाहिलं आणि म्हणालो, "यंत्र माझ्या ताब्यात आहे. ते सोडून कसं जाऊ?"

खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, तसं मी काही रेटलंही नाही. एकदाच बोललो. रेटायचं काम पुढं लोकांनीच केलं. कृषी सहायकाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "गुर्जी, तुमच्यासारखा माणूस पाह्यला नाई." पत्ते पुन्हा निघाले नाहीत. मला ते हवे होते, हे आता लिहायला हरकत नाही. तो सगळा दिवस मी त्या डबीकडे बघत काढला.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर चालत गेलो. तिसऱ्या दिवशी मतदान झालं, शांततेत. म्हाताऱ्या बाया डोंगर उतरून आल्या, रांगेत बसल्या, बोटाला शाई लावून हसत परत गेल्या. मी सगळे नमुने बिनचूक भरले. एक खाडाखोड नाही.

घरी पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. बहिणीनं सांगितलं, माझ्यासाठी पाच वाजेपर्यंत थांबले होते. गडचिरोलीहून मूल तासाभराचा रस्ता. मी त्या हेलिकॉप्टरनं आलो असतो तर दुपारीच घरी पोचलो असतो. त्रिशरण-पंचशील झालं, आणि कोणी तरी पुढं व्हायला हवं म्हणून बहिणीनंच अग्नी दिला. तिचा उजवा हात थोडा पोळला होता. तिनं पट्टी लपवायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "दादा, तू काय करणार होता? तिथून कोणी येऊ शकते काय?"

मी म्हणालो, "गाडी नव्हती."

म्हणजे दोन ठिकाणी दोन खोटी. तळावर कर्तव्य, घरी गाडी नव्हती. पण लोकांनी दोन्ही एकत्र मळून त्याची एक छान भाकरी केली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजींच्या प्रवचनानंतर गावातले एक पुढारी भाऊ उठून माझ्यावर पाच मिनिटं बोलले. पुढं तालुक्याच्या एका छोट्या वर्तमानपत्रात चौकट आली, माझ्या पासपोर्ट फोटोसह. पितृशोक गिळून मी लोकशाहीची सेवा केली, असा काहीसा मजकूर. शिक्षक दिनाला शाल आणि श्रीफळ मिळालं. मी शाल पांघरून उभा राहिलो. झाकली मूठ, म्हटलं, राहू दे झाकलेली. टाळ्या वाजल्या, तेव्हाही काही वाटलं नाही. बाबा गेल्याचंसुद्धा मला तोवर वाटलं नव्हतं. मी रडलो नव्हतो. बायको मला सावध नजरेनं बघायची. वर्गात पाढे घ्यायचो, घरी यायचो, जेवायचो. चव कळायची, एवढंच.

सोसवेना झालं ते दुसऱ्याच गोष्टीनं. दिवाळीनंतर मी मूलला गेलो, तेव्हा आईनं ती वर्तमानपत्राची चौकट कापून बाबांच्या तसबिरीच्या काचेत खोचलेली दिसली. बाबांच्या गालाशी माझा फोटो.

आई शेजारी बसून वाळवलेल्या मिरच्यांचे देठ खुडत होती. दुपार होती. बहीण सासरी गेली होती. घरात आम्ही दोघंच.

"आई, ते काढ तिथून," मी म्हणालो.

"काऊन? चांगलं लिहिलं हाये. शेजारच्या पोरीनं वाचून दाखवलं मले दोनदा."

"ते खोटं आहे."

तिनं वर पाहिलं. मी खाली बसलो आणि सांगितलं. सगळं. हेलिकॉप्टर उभं होतं हे सांगितलं. जागा होती, पोलीस बोलवायला आला होता. मी बॅग घ्यायला आत गेलो आणि पत्ते खेळत बसलो. धूळ आली तेव्हा पत्त्यांवर हात ठेवला, तेही सांगितलं. "मला यायचंच नव्हतं असं नाही, आई. एवढा डाव झाला की उठतो, असं वाटत राहिलं. का ते मला माहीत नाही. मी वाईट माणूस आहे की काय तेही कळत नाही. मला काही वाटतच नाही."

आईचे हात थांबले नाहीत. देठ वेगळे, मिरच्या वेगळ्या. मला वाटलं, आता ही मला शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या. ती शिव्या देण्यात कमी नाही. राइस मिलच्या मुकादमाला तिनं एकदा भर बाजारात असं झापलं होतं की तो आठ दिवस आमच्या गल्लीतून गेला नाही.

मग ती म्हणाली, "मी सगळ्यांले सांगितलं, झोपेतच गेले म्हणून. आवाज नाई दिला म्हणून."

"हो. तेच सांगितलं सगळ्यांनी मला."

"दिला होता आवाज." तिनं हातातली मिरची ठेवली. "छपरीत खाटेवर होते. मी आत तांदूळ पाखडत होती. पाणी दे वो म्हणाले. मी म्हटलं, एवढं सूप होऊ द्या. अर्धं झालं होतं. पुन्हा बोलावलं. मी म्हटलं, हो ना, येऊन राह्यली, काय जीव चालला काय तुमचा." तिनं देठांचा ढीग बाजूला सारला. "असंच म्हटलं मी. सूप पुरं केलं. कणी वेगळी केली. मग गिलास भरून नेला."

बाहेर रस्त्यावरून कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला. मी तिनं ठेवलेली मिरची उचलली आणि तिचा देठ खुडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आत जाऊन लागलं.

आई उठली, तसबिरीच्या काचेतून ती चौकट हलकेच ओढून काढली आणि घडी घालून माझ्या हातात दिली.

"तुले तं एवढं जंगल पार करून यायचं होतं बाबू," ती म्हणाली. "मले आठ पावलं होती."